किल्ल्या कुणाच्या कनवटीला?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले, की माझी अख्खी नोकरी मुंबई-ठाण्यातल्या ज्यू संस्थांमध्ये झाली. त्यावर जी पत्रं आली, त्यातली बहुतेक आमच्याच माणसांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, बेने इस्रायलींची निघाली. विचारणं सगळ्यांचं एकच: संस्थेत माणूस वर कसा येतो, आणि येत नसेल तर का? चार पत्रं घेतली आहेत. नाव कुणाचंच छापत नाही. आमचा समाज इथे उरलाय चार-पाच हजारांचा. आडनाव लिहिलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की कुणाची सून तेही कळतं.

प्रश्न (ठाणे, वय २९): ताई, सहा वर्षं एका ज्यू संस्थेत युवक कार्यक्रमांचं काम बघते. ऑफिसात आम्ही तिघंच. सणांचे कार्यक्रम, शिबिरं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या भेटी, परदेशी पाहुण्यांची ने-आण, सगळं माझ्याकडे. दरवर्षी मला कुठल्या ना कुठल्या लीडरशिप शिबिराला पाठवतात. सात प्रमाणपत्रं झाली. पद मात्र तेच, आणि समितीच्या बैठकीत मला बोलावतात ते चहा सांगायला. माझी प्रगती होतेय, की नुसती प्रमाणपत्रं जमताहेत?

उत्तर: खरं सांगू? प्रमाणपत्रं जमताहेत.

मीही त्याच वाटेने गेले. तिशीत असताना मला दोन आठवड्यांसाठी जेरुसलेमला पाठवलं होतं, ज्यू संस्थांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिराला. अर्जेंटिना, रशिया, मोरोक्को, कुठकुठची माणसं. नेतृत्वाच्या शैली किती, यावर आम्ही रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवल्या. निळी रिंग फाइल आणि डोक्यात दहा योजना घेऊन परत आले. पहिल्याच बैठकीत विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे एकच काम होतं: हनुक्का सणाच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या. भाड्याने आणायच्या की शेजारच्या शाळेकडून मागायच्या, यावर पाऊण तास खल झाला. फाइल मी कपाटावर टाकली. पुढे प्रोजेक्टर उंच करायला ती कामी आली.

शिकले ती दोन वर्षांनी, आणि तेही योगायोगाने. आमच्या खजिनदारांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आधी एक डोळा, मग दुसरा. दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून त्यांनी लोखंडी कपाटाच्या किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. ठेवल्या, पण लगेच सोडल्या नाहीत.

कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात ट्रस्टचा रबरी शिक्का, चार घड्या घातलेला नोंदणी दाखला आणि मुदत ठेवींच्या पावत्यांचा गठ्ठा. गठ्ठ्याचं रबर इतकं जुनं, की हात लावल्याबरोबर तुटलं. पावत्या तारखेवार लावायला बसले तेव्हा दिसलं, की एका ठेवीची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच संपलेली आहे आणि बँकेत कुणी फिरकलेलंच नाही. वृद्धांच्या औषधांचा निधी होता तो. आणि पैसे नाहीत म्हणून औषधं कमी करायची का, यावर त्याच्या आदल्या महिन्यात आमच्या समितीत कडाक्याचं भांडण झालं होतं!

त्या सहा आठवड्यांत मी बँकेच्या मॅनेजरशी हुज्जत घातली, ऑडिटरला आयुष्यात पहिल्यांदा फोन केला, दोन विश्वस्तांच्या सह्यांसाठी एकदा भायखळा आणि एकदा डोंबिवली गाठली, आणि बैठकीत उभी राहून सांगितलं की औषधं चालू राहतील. त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणीतरी सांगितला.

तेव्हा पुढच्या शिबिराचं पत्र आलं की म्हण, जाते, पण आल्यावर माझ्या हातात काय देणार ते आधी ठरवू. एखाद्या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक तुझ्याकडे पाहिजे. रक्कम तुला आधी कळायला हवी, एका आकड्यापर्यंत खर्चाला तुझीच मंजुरी पुरायला हवी, आणि हिशोब बैठकीत तूच मांडायला हवा. देणगीदाराला जाणारा अहवाल तुझ्या सहीने जाऊ दे. इतिवृत्त लिहायचं कामही मागून घे. इतिवृत्त लिहिणाऱ्याला लोक कारकून समजतात. समजू देत. बैठकीत ठरलं काय, हे सहा महिन्यांनी त्याच वहीतून बघतात.

पगार वाढवायला पैसे नाहीत, हे उत्तर येणारच. ते अर्धं खरं आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, आपण ज्याला एफसीआरए म्हणतो त्यात, २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला ऑफिसातले पगार त्यात बसवताना ओढाताण होते, मान्य. पण शिबिराचं विमानाचं तिकीट बहुतेक वेळा देणगीदार काढतो. संस्थेला ते फुकटात पडतं, म्हणून सात वेळा मिळालं. पगारवाढ फुकटात पडत नाही. आणखी एक, वीसपेक्षा कमी नोकरदार असले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा आपोआप लागू होत नाही. सहा वर्षांत तुझ्या नावावर काय साठलंय, कधी विचारलंस?

तिघांच्या ऑफिसात शिडी नसते, फार तर स्टूल असतं. वर्षभरात हातात काही आलं नाही तर खुशाल दुसरीकडे जा. आपल्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण आरोग्य आणि शिक्षणात काम करणाऱ्या इतर संस्था ठाण्यात ढीगभर आहेत. तिथे पाच वर्षं काढ आणि मग इथल्या समितीच्या निवडणुकीला उभी राहा. पगारी बाईचं ऐकत नाहीत ते लोक निवडून आलेल्या बाईचं ऐकतात. मला हे आवडत नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न (रायगड जिल्हा, वय ७४): आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, ट्रस्टवर मी बावीस वर्षं आहे. गावात आता तीनच घरं. सणाला मुंबईहून माणसं आली तर दहाजण जमतात, नाहीतर प्रार्थनेला लागणारं दहाजणांचं मिन्यानसुद्धा होत नाही. तरुण ट्रस्टच्या कामाला येत नाहीत. ज्या दोघांना मी तयार केलं ते इस्रायलला गेले. त्यात कब्रस्तानाची एक बाजू शेजाऱ्याने आत सरकवल्याची कुजबुज आहे. माणसं जाणारच असतील तर त्यांना शिकवून काय उपयोग?

उत्तर: शालोम दादा. माणसं जातात, हे मी नाकारत नाही. १९४८ च्या सुमारास आपण वीस हजार होतो. आज आपल्या माणसांची वस्ती शोधायची तर इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबाला जावं लागतं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पाचांतले तिघं तिकडेच आहेत. पण तुम्हाला एक विचारते. जे गेले नाहीत, त्यांच्या हातात तुम्ही काय दिलंत?

पूर्वी आपल्या प्रत्येक सिनेगॉगला प्रमुख म्हणून मुकादम असे, त्याच्या मदतीला चौगुले असे. पैसा गब्बाईकडे, प्रार्थना हझानकडे, लग्न-विधी काझीकडे, निरोपाला समाश. कामं वाटलेली होती. आज ती सगळी एका माणसात येऊन बसली आहेत आणि तो माणूस तुम्ही आहात. तुम्ही हे सगळं शिकलात, कारण करायला दुसरं कुणी नव्हतं. तरुण शिकत नाहीत, कारण करायला तुम्ही आहात.

कब्रस्तानाचंच घ्या. हद्दीचे दगड कुठे आहेत, हे तुमच्याखेरीज कुणाला माहीत आहे? सातबारावर नाव ट्रस्टचं आहे, की कुणाच्या तरी खापरपणजोबांचं? धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर, ती जमीन चढलेली आहे का? ट्रस्टची जमीन विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. तीस वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नाही, आणि उद्या गोड बोलणारा बिल्डर त्याच्याच दारात उभा राहणार आहे.

म्हणून दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर, एक रविवार काढा. चाळिशीच्या आतली दोन माणसं बोलवा. एकटा नको, दोन. एक गेला तर दुसरा उरतो. नकाशा, मोजणीची टेप आणि कोयता घ्या आणि सगळी हद्द पायी चालून दाखवा. मी एकदा अशी मुलं घेऊन गेले होते. करवंदीच्या जाळ्या, अर्धे मातीत गेलेले दगड, वर हिब्रू आणि खाली मराठी अक्षरं. मुलं पहिला तासभर मोबाइलला रेंज शोधत होती. मग एकाने ओल्या फडक्याने एक दगड पुसला आणि त्याला पणजीचं नाव सापडलं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तारीख. त्यानंतर टेपचं टोक तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार होईना. संध्याकाळी निघताना त्यानेच विचारलं, की या जागेचा कागद कुठे असतो? मी त्या दिवशी नेतृत्वाबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

आता कागद. विश्वस्त बदलला की त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तुमच्याकडचा शेवटचा कधी दिलाय? माझ्या माहितीतल्या एका ट्रस्टच्या यादीवर सात नावं होती: तीन स्वर्गवासी, एक अश्दोदवासी, उरलेल्या तिघांतले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तिथे एक हुशार मुलगी दोन वर्षं राबली. पण बदल अर्जच दिलेला नव्हता, त्यामुळे कागदावर ती कुणीच नव्हती, बँक तिची सही घेईना. शेवटी कंटाळून गेली. मग ट्रस्टी म्हणाले, बघा, तरुण टिकत नाहीत.

आपल्याकडे चाळिशीच्या माणसाला युवा प्रतिनिधी म्हणायची पद्धत पडली आहे. आपल्याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी धर्मसंस्था उभी केली तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास होतं. लंडनची एम.डी. त्याआधीच, १९१९ मध्ये झालेली. त्यांना युवा विभागात बसवायची कुणाची छाती झाली असती?

गेलेल्यांनाही सोडू नका. ते दोघं इस्रायलला गेले म्हणजे त्यांना आलेलं विसरले नाहीत. महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर घ्या, जुनी रजिस्टरं त्यांच्याकडून वाचून घ्या, इंग्रजी अहवाल लिहून घ्या. आणि तुम्हाला डोक्यात जे जे माहीत आहे, ते एका दोनशेपानी वहीत उतरवा. रखवालदाराचा पगार कोण देतो, सेफेर तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे, तहसील कार्यालयात कुणाला भेटायचं. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

किल्ली दिल्यावर मात्र दर शुक्रवारी फोन करून शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावला का, असं विचारायचं नाही. बावीस वर्षं तो तुम्ही विझू दिला नाहीत, म्हणून हे तुम्हाला जड जाणार. एखादा शुक्रवार चुकेल. चुकला तर तो मुलगा स्वतःच पुढचा लावेल.

प्रश्न (न्यू जर्सी): मी मूळची पुण्याची, हिंदू, व्यवसायाने अकाउंटंट. चार वर्षं इथल्या एका ज्यूइश फेडरेशनच्या वित्त विभागात आहे. माणसं आपुलकीची आहेत, काम आवडतं. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार आहे. मी ज्यू नाही. अर्ज करावा, की ही जागा आपल्यासाठी नाही असं समजून गप्प बसावं?

उत्तर: अर्ज कर.

कायद्याचं आधी सांगते. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धार्मिक संस्थांना सवलत आहे; आपल्या धर्माच्या माणसाला त्या पसंती देऊ शकतात. त्यामुळे धर्मशिक्षण किंवा तशा काही जागा बहुधा ज्यूंकडेच जातात, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वित्त, संगणक, मनुष्यबळ इथे बाहेरची माणसं असतात आणि वरही जातात. शिवाय फेडरेशन म्हणजे मुळात काय, ते बघ. १८९५ मध्ये बॉस्टनच्या ज्यूंनी ही पद्धत सुरू केली. दहा संस्थांनी दहा वेळा त्याच दारात हात पसरण्यापेक्षा एकदाच गोळा करायचं आणि गरजेप्रमाणे वाटायचं. म्हणजे हिशोब हाच त्या घराचा पाया, आणि तू पायातच बसलेली आहेस.

माणसांची त्यांनाही चणचण आहे. २०१४ मध्ये ब्रिजस्पॅन या अमेरिकी सल्लागार संस्थेच्या अभ्यासाने सांगितलं होतं, की पुढच्या पाच ते सात वर्षांत ७५ ते ९० टक्के ज्यू संस्थांना नवे प्रमुख शोधावे लागतील. त्याच सुमारास लीडिंग एज ही संस्था या एकाच कामासाठी निघाली. ती नव्या प्रमुखांना तयार करते आणि ज्यू संस्थांतल्या नोकरदारांना दरवेळी विचारते, की तुम्हाला इथे काम करणं कसं वाटतं? तुमचं फेडरेशन त्या पाहणीत असेल तर निकाल वरच्यांकडे असतो. मागून घे. आपल्या विभागातली माणसं का सोडून जातात, हे मुलाखतीत आकड्यासकट बोलणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

संस्था दरवर्षी कर खात्याला देते तो फॉर्म ९९० उघडून बघ. तो कुणालाही बघता येतो. भाग ७ मध्ये वरच्या अधिकाऱ्यांचे पगार असतात. तू अकाउंटंट आहेस, तरी पैज लावते की स्वतःच्या पगाराची बोलणी करताना तू तो उघडला नसशील. मराठी माणूस दुसऱ्याचा हिशोब चोख करतो.

खरी परीक्षा वेगळीच आहे. तिथे दोन जातीचे पुढारी असतात: पगारी, आणि ज्यांना ते ले लीडर म्हणतात ते बिनपगारी. दुसरे स्वतः मोठी देणगी देतात, इतरांकडून आणतात आणि समित्यांवर बसतात. निर्णय त्यांचा, राबणं तुमचं, आणि कुठली रेघ कोणी ओढायची यावर कायम रस्सीखेच. माझ्याकडे असे पाहुणे वर्षानुवर्षं येत. एका बाईंनी आमच्या पाळणाघराच्या पडद्यांचा रंग बदलायला लावला होता; पैसे त्यांचेच, पण उन्हात बसणारी मुलं आमची. त्यांना 'नाही' म्हणायचं, आणि ते ऐकून त्यांनी पुढच्या वर्षीही चेक द्यायचा, ही कला कुठल्या अभ्यासक्रमात नाही. तुझ्या प्रमुखांना विचार, की पुढच्या वित्त समितीच्या बैठकीत आकडे मी मांडू का? चार ले लीडर तुला नावाने ओळखू लागले की अर्जाचं निम्मं काम झालं.

बाकी रोजचं शिकून घे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागतो, म्हणून दुपारी तातडीची मेल टाकायची नाही. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ हे सण एकापाठोपाठ येतात, तेव्हा त्या तीन आठवड्यांत ऑडिटची तारीख लावायची नाही. आणि कुणी विचारलं की ज्यू नसताना तू इथे कशी, तर त्यांना मोशेच्या, म्हणजे मोझेसच्या, सासऱ्याची, यिथ्रोची आठवण करून दे. मोशे सकाळपासून रात्रीपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसला होता. सासऱ्याने, मिद्यानी पुजाऱ्याने, येऊन सांगितलं की अरे, तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि मोठं तेवढंच स्वतःकडे ठेव. मोशेने ऐकलं. तोराचा जो भाग आम्ही शब्बाथला वाचतो, ज्यात दहा आज्ञा आहेत, त्याला नाव मोशेचं नाही, या बाहेरच्या सासऱ्याचं आहे. तुमच्या ऑफिसात हे सगळ्यांना माहीत असतं. पुण्याच्या बाईच्या तोंडून ऐकलं की हसतील, आणि लक्षात ठेवतील.

प्रश्न (पनवेल): माझी मुलगी २३ वर्षांची, एमएसडब्ल्यू झाली आहे. इस्रायलमध्ये दहा महिन्यांच्या लीडरशिप कार्यक्रमासाठी तिची निवड झाली. आम्हाला आनंद आहे, पण भीतीही आहे. ती परत येईल ना?

उत्तर: माहीत नाही हो. पाठवा.

एवढं करा. ती निघण्याआधी इथल्या एका संस्थेकडून लेखी घ्या, की परत आल्यावर तिला कुठलं काम, किती पगार, आणि कशावर सही करायचा अधिकार. तेवढं लिहून द्यायला कुणी तयार नसेल, तर ती तिकडेच राहिली म्हणून पुढे तिला बोल लावू नका. आणि लोकरीचे कपडे इथूनच द्या. जेरुसलेमला जानेवारीत हाडं गोठतात. मी दोन सुती साड्या आणि एक शाल घेऊन उतरले होते.